मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतर आत राहिलेल्या साहित्यावर वाढणारे खडे

वसुधा_क

मुतखड्यांवर येथे पूर्वी पुष्कळ चर्चा झाली आहे, परंतु ती बहुतांशी पाणी, पथ्य आणि पानफुटीचा रस यांच्यापलीकडे गेली नाही. या धाग्यात एका वेगळ्या प्रकारच्या खड्यांविषयी लिहावे असा विचार आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी मूत्रपिंडात किंवा त्याच्या लगत वापरलेले टाके, क्लिपा, नळ्या असे साहित्य कालांतराने मूत्राच्या संपर्कात येते आणि त्यावरच खडा वाढतो. हा प्रकार विरळ आहे, पण ज्याच्या वाट्याला येतो त्याच्याकडे नेहमीचा मुतखडा म्हणूनच पाहिले जाते.

निमित्त घरातले आहे. माझ्या थोरल्या दिरांच्या डाव्या मूत्रपिंडावर गाठ होती. संपूर्ण मूत्रपिंड न काढता गाठीपुरता भाग काढून उरलेला भाग शिवण्याची शस्त्रक्रिया रोबोटच्या साहाय्याने झाली आणि ती उत्तम झाली. काही वर्षांनी त्याच बाजूला कळा येऊ लागल्या, लघवीतून रक्त गेले आणि सोनोग्राफीत खडा दिसला. त्यांना पूर्वी कधीही मुतखडा झालेला नव्हता. एका ठिकाणी शॉक वेव्हने खडा फोडण्यात आला, काही तुकडे पडले, आणि पुढच्या तपासणीत त्याच जागी पुन्हा तेवढाच खडा होता. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी जुने ऑपरेशनचे कागद मागवले, ते वाचले आणि लवचीक दुर्बिणीने आत पाहिले. बाहेर काढलेली वस्तू त्यांनी आम्हाला छोट्या बाटलीत घालून दाखवली. वरचे पिवळट तपकिरी कवच एका बाजूने फुटले होते आणि त्यातून सेंटिमीटरभर लांबीची प्लॅस्टिकची क्लिप डोकावत होती. तिचे बिजागर आणि कुलूप लागणारे टोक साध्या डोळ्यांनी ओळखता येत होते.

माझे प्रश्न असे आहेत की मूत्रपिंडाच्या बाहेरून लावलेली क्लिप आत कशी पोहोचते, विरघळणारे टाके वापरत असताना न विरघळणारी वस्तू मुळात का वापरतात, आणि अशी वस्तू आत आहे हे रुग्णाला आधी कळण्याचा काही मार्ग असतो का. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. कोणत्याही रुग्णालयाचे वा डॉक्टरांचे नाव घेऊ नये, ही विनंती.

निवृत्त_शल्यक

वसुधाताई, प्रश्न नेमके आहेत, म्हणून उत्तर थोडे लांबेल.

मूत्रपिंडाचा भाग कापला की दोन गोष्टी बंद कराव्या लागतात. एक म्हणजे कापलेल्या रक्तवाहिन्या आणि दुसरी म्हणजे मूत्र जमा होण्याची आतली पोकळी. आतला थर बारीक विरघळणाऱ्या धाग्याने शिवतात आणि बाहेरचा थर जाड धाग्याने मूत्रपिंडाच्या मांसातून घेतात. कापड जसा ताण धरते तसा मूत्रपिंडाचे मांस धरत नाही. धागा ओढला की तो त्यातून कापत जातो. शिवाय रक्तपुरवठा चिमट्याने थांबवलेला असल्यामुळे हे सर्व शक्यतो अर्ध्या तासाच्या आत उरकावे लागते. दुर्बिणीतून एकेक गाठ मारत बसण्याइतका तो वेळ नसतो. म्हणून धाग्याच्या टोकाला पॉलिमरची कुलूपबंद क्लिप लावायची, ती धाग्यावरून सरकवत मूत्रपिंडाच्या पृष्ठभागावर दाबायची आणि हवा तेवढा ताण आला की थांबायचे, ही पद्धत रूढ झाली. अमेरिकेतील शल्यविशारदांनी २००९ मध्ये ती सविस्तर मांडली आणि त्यानंतर ती जगभर पसरली. हेम-ओ-लॉक हे नाव आपण कागदांवर वाचले असेल, ती हीच क्लिप.

आता ती आत कशी जाते? धागा काही महिन्यांत विरघळतो आणि क्लिपला धरून ठेवणारे काही उरत नाही. बहुतेक रुग्णांत तिच्याभोवती तंतुमय आवरण तयार होते आणि ती जन्मभर तेथेच निमूट राहते. थोड्या रुग्णांत मात्र शिवलेल्या जागी मूत्र झिरपलेले असते, सूज वा जंतुसंसर्ग झालेला असतो, किंवा क्लिप मुळातच पोकळीच्या फार जवळ बसलेली असते. अशा वेळी भोवतालचे ऊतक हळूहळू झिजते आणि क्लिप कमी विरोधाच्या दिशेने, म्हणजे मूत्राच्या पोकळीत, सरकते. तेथे पोहोचल्यावर तिच्यावर क्षार साचू लागतात. काही रुग्णांनी अशी क्लिप लघवीवाटे आपोआप बाहेर पडल्याचेही सांगितले आहे आणि त्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हीच क्लिप मूत्राशयात शिरून तेथे खडा झाल्याच्या नोंदी तर त्याहून अधिक आहेत.

क्लिप हा नवा अध्याय झाला. आमच्या उमेदवारीच्या काळात पोट उघडून खडे काढले जात आणि मूत्रमार्गात रेशमी किंवा नायलॉनचा धागा वापरायचा नाही, हे वरिष्ठ पहिल्याच आठवड्यात बजावत. कारण हेच. न विरघळणाऱ्या धाग्याची एखादी गाठ जरी मूत्रात उघडी राहिली, तरी तिच्यावर खडा धरतो. त्यामुळे आधी कॅटगट आणि पुढे पॉलिग्लॅक्टिनसारखे कृत्रिम विरघळणारे धागे आले. पॉलिग्लॅक्टिन साधारण ५६ ते ७० दिवसांत शोषले जाते. पॉलिडायॉक्झॅनोनला सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो, म्हणून तो पोकळीच्या आत उघडा राहणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

आपल्या दिरांच्या बाबतीत शॉक वेव्हनंतर खडा परतला, यात आश्चर्य काहीच नाही. त्या यंत्राने कवच फुटते, क्लिप फुटत नाही. केंद्र जागेवर राहिले की त्यावर नवा थर चढणारच. अशा खड्यात भुकटी करून समाधान मानता येत नाही, केंद्र बाहेर आलेच पाहिजे. आणि केंद्र आहे अशी शंका येण्यासाठी जुने ऑपरेशन आठवावे लागते.

कृष्णाकाठ

माहितीपूर्ण धागा. तरीही एक गोष्ट पटत नाही. वस्तू न विरघळणारी आहे, मूत्रमार्गात न विरघळणाऱ्या वस्तूवर खडा होतो हे कित्येक दशके ठाऊक आहे, आणि तरीही तीच वस्तू मूत्रपिंडावर लावली जाते. याला निष्काळजीपणा म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे? पोटात कापड राहिले तर आपण कोणीही ‘विरळ गुंतागुंत’ असा शब्दप्रयोग ऐकून घेत नाही.

निवृत्त_शल्यक

कृष्णाकाठ, आपला रोख समजला, परंतु दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत. कापड आत राहणे ही चूकच असते, कारण ते आत ठेवायचे नव्हते. क्लिप ही ठेवण्यासाठीच लावलेली असते. प्रश्न तिच्या जागेचा आणि लावताना घेतलेल्या काळजीचा आहे. रक्तस्राव थांबला नाही तर रुग्ण त्याच दिवशी जिवाला मुकू शकतो आणि मूत्रपिंड वाचवणेही अशक्य होते. त्या धोक्याशी तुलना केली तर काही वर्षांनी क्वचित होणारा खडा हा स्वीकारलेला धोका ठरतो. विरघळणाऱ्या क्लिपाही मिळतात आणि काट्यांचे विरघळणारे धागे क्लिपेवरचे अवलंबन कमी करतात. शक्य तेथे ते वापरावेत, हे माझे मत आहे. मात्र रुग्णाला ‘आत प्लॅस्टिकच्या इतक्या क्लिपा आहेत’ हे सांगितले जात नाही, ही उणीव मला मान्य आहे. सांध्याचे रोपण केले की स्टिकर असलेले कार्ड देतात. क्लिपांच्या बाबतीत ती पद्धत नाही.

खनिजवेडा

मी डॉक्टर नाही. खड्यांचे रासायनिक विश्लेषण करणाऱ्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम केले, त्या अनुभवावरून थोडे लिहितो.

मूत्र हे बहुतेक वेळा कॅल्शियम ऑक्झलेटच्या दृष्टीने अतिसंपृक्तच असते, म्हणजे त्यात विरघळू शकेल त्यापेक्षा अधिक क्षार असतो. तरीही प्रत्येकाला खडा होत नाही, कारण मोकळ्या द्रवात स्फटिकाचा पहिला कण जन्मणे अवघड असते. परका पृष्ठभाग मिळाला की तीच गोष्ट कितीतरी कमी संपृक्ततेत घडते. खडीसाखर करताना पाकात दोरा सोडतात तो याच कारणाने. प्रथम धाग्यावर किंवा प्लॅस्टिकवर मूत्रातील प्रथिनांचा पातळ थर बसतो, त्यावर जंतू चिकटून आपला चिकट थर तयार करतात आणि स्फटिक त्यात अडकत जातात. त्या जंतूंमध्ये प्रोटिअससारखा युरियाचे विघटन करणारा जंतू असेल, तर अमोनिया तयार होऊन मूत्र अल्कधर्मी बनते आणि मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेटचे व कॅल्शियम फॉस्फेटचे थर झपाट्याने चढतात. पूर्वी कधीही खडा न झालेल्या माणसाला तो होतो आणि चोवीस तासांच्या मूत्रतपासणीत दोष सापडत नाही, यामागे हेच कारण असू शकते.

एक व्यावहारिक बाब. इन्फ्रारेड तपासणीसाठी खडा कुटून त्याची भुकटी करावी लागते. प्रयोगशाळेकडे फक्त ‘रीनल कॅल्क्युलस’ असे लिहिलेली डबी आली, तर आत दोऱ्याची गाठ होती की नाही हे पाहण्याची कोणाला गरज वाटत नाही आणि अहवालावर ‘कॅल्शियम ऑक्झलेट’ एवढेच छापून येते. रुग्णाची पूर्वी शस्त्रक्रिया झाली असेल, तर अर्जावर ते ठळक लिहावे, खडा कुटण्यापूर्वी मधोमध कापून त्याचा छेद भिंगाखाली पाहण्याची विनंती करावी आणि छायाचित्र घ्यावे. मी स्वतः अशा छेदांत निळसर धाग्याचे तुकडे पाहिले आहेत. लेझरने भुकटी करून काढलेल्या खड्यात हा पुरावा आधीच नष्ट झालेला असतो; तेथे दुर्बिणीचे चित्रीकरणच कामाला येते.

पारनेरकर

क्लिप पुष्कळांच्या बाबतीत नसेल, पण डीजे नळी (मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत ठेवतात ती, दोन्ही टोकांना वेटोळे असलेली) तर प्रत्येक गल्लीत एकाला टाकलेली असते. आमच्या वडिलांचे मुतखड्याचे ऑपरेशन झाले, नळी टाकली, घरी पाठवले. डिस्चार्ज कार्डावर ‘डीजेएस इन सिटू’, म्हणजे डीजे नळी आत आहे, अशी तीन शब्दांची नोंद होती. तिचा अर्थ काय आणि परत कधी यायचे, हे तोंडी कोणी सांगितले नाही. दुखणे थांबले, त्यामुळे वडील शेतात रमले. पुढे लघवीला जळजळ आणि थंडी वाजून ताप सुरू झाला, तेव्हा एक्स-रे काढला. मूत्राशयातल्या वेटोळ्यावर लिंबाएवढा खडा आणि वरच्या टोकावर दुसरा. एका ऑपरेशनात काम भागले नाही. आधी खालचा खडा फोडला, मग पाठीतून छिद्र पाडून वरचा काढला आणि शेवटी नळी आली, तीही तुकड्यातुकड्यांत. शल्यकसाहेबांनी या नळीविषयीही लिहावे.

निवृत्त_शल्यक

पारनेरकर, शस्त्रक्रियेनंतर आत राहिलेल्या साहित्यावर होणाऱ्या खड्यांत सर्वांत मोठा वाटा या नळीचाच आहे. खरे तर धाग्याची सुरुवात तिच्यापासून व्हायला हवी होती.

मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाणारी आणि दोन्ही टोकांना वेटोळे असलेली ही नळी १९७८ पासून वापरात आहे. शस्त्रक्रियेनंतर मूत्रवाहिनी सुजून बंद होऊ नये, बारीक कण अडकू नयेत आणि टाक्यांतून मूत्र गळू नये, यासाठी ती ठेवतात. ती तात्पुरतीच असते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासात सहा आठवड्यांच्या आत काढलेल्या नळ्यांपैकी ९.२ टक्के नळ्यांवर क्षारांचा थर आढळला, सहा ते बारा आठवड्यांत काढलेल्यांपैकी ४७.५ टक्क्यांवर आणि त्यानंतर काढलेल्यांपैकी ७६.३ टक्क्यांवर. ‘दोन-चार महिन्यांनी सवडीने काढू’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत. ज्याला मुळातच खडे होतात, जिला गर्भारपणात नळी टाकावी लागली आहे, किंवा ज्याच्या मूत्रात जंतुसंसर्ग आहे, त्यांच्या नळीवर थर आणखी लवकर चढतो.

वेळेत आलेल्या रुग्णाची नळी भूल देणारी जेली वापरून, मूत्राशयाच्या दुर्बिणीतून, काही मिनिटांत निघते. उशिरा आलेल्याचे हाल वडिलांच्या बाबतीत आपण पाहिलेच आहेत. अडकलेली नळी जोर लावून ओढायची नसते, कारण ती तुटते किंवा मूत्रवाहिनी फाटते. आधी साधा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करून थर कोठे आणि किती आहे हे पाहायचे आणि मग खालून, वरून किंवा दोन्हीकडून टप्प्याटप्प्याने काम करायचे. नळीत अपारदर्शक क्षार मिसळलेले असल्यामुळे ती एक्स-रेवर दिसते, ही जमेची बाजू. पॉलिमरची क्लिप साध्या एक्स-रेवर दिसत नाही आणि तिच्यावर थर चढला की केवळ खडाच दिसतो.

आणखी एका वस्तूचा उल्लेख करतो. शस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंडाच्या धमनीला फुगा आला आणि रक्त थांबेना, तर मांडीतून नळी घालून त्या शाखेत धातूची बारीक वेटोळी सोडतात. जीव वाचवणारा उपाय आहे. ही वेटोळीसुद्धा क्वचित झिजलेल्या भिंतीतून मूत्राच्या पोकळीत येतात आणि त्यांच्यावर खडा धरतो. ती दुर्बिणीतून ओढताना पुन्हा रक्तस्राव होण्याची तयारी ठेवावी लागते.

सुमनसिस्टर

ऑपरेशन थिएटरमध्ये आयुष्य गेले, म्हणून आमच्या बाजूने दोन शब्द. मॉप (रक्त टिपायची कापडे), सुया आणि हत्यारे यांची मोजणी सुरुवातीला, पोकळी बंद करण्यापूर्वी आणि कातडी शिवण्यापूर्वी होते. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची शस्त्रक्रिया सुरक्षा यादी आली, त्याआधीही चांगल्या थिएटरांत फळ्यावर आकडे लिहिले जात. मॉपमध्ये एक्स-रेवर दिसणारा दोरा असतो, त्यामुळे हिशेब जुळला नाही तर टेबलावरच एक्स-रे काढता येतो.

दुर्बिणीच्या कामात मात्र नुसती मोजणी पुरत नाही, कारण वस्तू एकच असते आणि तिचा तुकडा आत राहू शकतो. गाइड वायरचे मऊ टोक, खडा पकडायच्या बास्केटची तार, लेझर फायबरचे टोक आणि पाठीतून काढलेल्या नळीचे पंख, हे बाहेर आल्यावर अखंड आहे का, हे ओल्या गॉजवर ठेवून बोटाने चाचपून पाहायचे, असे मी प्रत्येक नव्या मुलीला शिकवत असे. लेझरने एखादी वायर चुकून कापली गेली, तर मिलिमीटरभर तुकडाही पुढे केंद्र होऊ शकतो. तुकडा तुटला आणि काढता आला नाही, तर तसे ऑपरेशन नोटमध्ये लिहायला लावणे हेही आमचेच काम. काही सर्जनांना ते आवडत नसे. लिहिल्याशिवाय मी ट्रॉली हलवत नसे.

नळीसाठी आमच्याकडे वेगळी वही होती. नाव, दूरध्वनी, नळी टाकल्याची तारीख, काढायची तारीख, आणि काढल्यावर लाल शाईची रेघ. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ज्या नावांवर रेघ नाही, त्यांना फोन जात असे. पारनेरकरांच्या वडिलांसारखी माणसे या एका वहीने वाचतात.

अ‍ॅड_मुक्ता

कृष्णाकाठ यांच्या प्रश्नाची कायदेशीर बाजू मांडते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. सध्याच्या २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. पुरेसे कारण दाखवल्यास उशीर माफ होऊ शकतो. आत राहिलेल्या वस्तूच्या बाबतीत ही दोन वर्षे कोठून मोजायची, हा कळीचा प्रश्न. मुंबईत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या, गोव्यातील एका परिचारिकेच्या प्रकरणात, सुमारे नऊ वर्षांनी पोटातून गॉज निघाले होते. परिणाम लगेच दिसणारा नसेल तर वस्तू उघडकीस आल्यापासून, किंवा वाजवी दक्षता बाळगली असती तर जेव्हा उघडकीस आली असती तेव्हापासून, मुदत मोजता येते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मान्य केले. मात्र वर्षानुवर्षे दुखत असूनही तपासणी करून घेतली नाही, म्हणून त्या बाईंची तक्रार मुदतबाह्य ठरली. म्हणून दुखणे अंगावर काढणाऱ्याचा दावाही दुबळा होतो.

दुसरी अडचण कागदांची आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी आंतररुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या असतात आणि मागितल्यापासून ७२ तासांत द्यायच्या असतात. क्लिप सरकून खडा होईपर्यंत ती तीन वर्षे सहज उलटून जातात. तेव्हा डिस्चार्ज कार्डावर थांबू नका. ऑपरेशन नोटची प्रत त्याच वेळी मागून घ्या. शल्यकसाहेबांनी सांगितलेला फरक कायद्यातही महत्त्वाचा आहे. हेतुपूर्वक लावलेली क्लिप सरकली, एवढ्याने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. नळी काढायची आहे हे रुग्णाला समजेल अशा भाषेत कळवले नाही, तर प्रकरण वेगळे होते.

कृष्णाकाठ

मुक्ताताई, आभार. क्लिपेबाबत माझा शब्द कठोर होता की नाही, यावर अजून विचार करतो आहे. नळीबाबत तो एका अक्षरानेही सौम्य करणार नाही.

रानजाई

सर्वांचे आभार. माझ्या बहिणीवर मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झाले आहे, त्यामुळे धागा वाचून धास्ती वाटली. रोपण केलेल्या मूत्रपिंडातही असा खडा होऊ शकतो का? आणि आत क्लिपा असताना एमआरआय करता येतो का?

निवृत्त_शल्यक

रानजाई, होऊ शकतो, पण क्वचित. दात्याची मूत्रवाहिनी रुग्णाच्या मूत्राशयाला जोडताना विरघळणारे धागेच वापरतात आणि तेथेही डीजे नळी ठेवतात. ती ठरलेल्या दिवशी निघाली आहे, याची कागदावर खात्री करून घ्या. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की रोपण केलेल्या मूत्रपिंडाच्या मज्जातंतू कापलेल्या असतात, म्हणून खडा अडकला तरी नेहमीची कळ येत नाही. लघवी कमी होणे, ताप येणे किंवा क्रिएटिनिन अचानक वाढणे, एवढेच दिसते आणि ते शरीराने मूत्रपिंड नाकारल्यासारखेच वाटते. अशा वेळी सोनोग्राफी त्याच दिवशी करावी.

पॉलिमरच्या क्लिपांना धातूचा स्पर्शही नसतो, त्यामुळे त्यांच्यासाठी एमआरआय अडत नाही. टायटॅनियमच्या क्लिपांनाही सहसा अडचण नसते. धमनीत वेटोळी सोडलेली असतील, तर तपासणीपूर्वी ऑपरेशन नोट दाखवून त्यांचा प्रकार रेडिऑलॉजिस्टना सांगावा.